बंद मशीनमधली आठशे स्थळं

आमच्या घरातला कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्याच्या पोटात आठशेच्या वर लग्नाची मुलंमुली होती. ठाण्याची, कल्याणची, डोंबिवलीची, थोडी मुलुंडची, थोडी बदलापूरची. उंची, रंग, पत्रिका, चष्मा आहे की नाही, मंगळ आहे की नाही, सगळं आत. आमच्या ज्ञातीच्या वधू-वर मंडळाचं काम बाबा बघायचे आणि टायपिंग मी करायचे. त्या आठशेंत मीही होते, म्हणजे बाबांच्या समजुतीने होते. खरं तर तीन वर्षांपूर्वी मी माझं नाव त्यातून काढून टाकलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी जी धावपळ केली ती समाजसेवा होती असं कोणाला वाटायचं. मला ती यादी परत हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त मला हे हवं होतं की बाबांना काही कळू नये.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबा रिटायर झाले. ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये दिवसभर काय करणार? मंडळाचं काम कोणालाच नको होतं, ते यांनी घेतलं. तेव्हा स्थळं कार्डांवर असत आणि कार्डं बुटांच्या खोक्यांत. मग मंडळाच्या एका सभासदाच्या ऑफिसात नवीन मशीन आलं आणि जुनं आमच्याकडे पोचतं झालं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आईच्या शिलाई मशीनचं कव्हर त्याच्या मॉनिटरला बरोबर बसलं. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे, तेवढ्या भांडवलावर मी मंडळाची तज्ज्ञ ठरले. वर्षभर रोज संध्याकाळी दोन-दोन, तीन-तीन कार्डं आत घातली. इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं.

टाइप करताना करमणूक व्हायची नाही असं नाही. अपेक्षांच्या रकान्यात एका मुलाने लिहिलं होतं, ‘विशेष काही नाही, फक्त सेंट्रल लाइनची असावी.’ मला ते मनापासून पटलं. एका मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं, ‘मुलाचा स्वतःचा ब्लॉक हवा, चौथ्या मजल्याच्या खाली.’ दर रविवारी सकाळी लोक घरी यायचे. अपेक्षा सांगायचे, मी मशीनला सांगायचे आणि प्रिंटर करकरत यादी बाहेर टाकायचा.

बाबांचा एक नियम होता. काम बघणाऱ्याने स्वतःच्या घरचं स्थळ पुढे करायचं नाही. त्यांच्या आधीच्या चिटणीसांनी म्हणे पहिल्या दोन वर्षांत आपल्या तीन पुतण्या उजवल्या होत्या आणि त्यावरून बरीच बोलणी झाली होती. म्हणून कार्डांच्या काळात बाबा माझं कार्ड खोक्याच्या अगदी तळाशी ठेवायचे. कोणी काढलं तर काढलं. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना याच गोष्टीचा झाला. ‘आता मशीन सांगेल,’ ते म्हणाले. ‘तुझं जुळत असेल तर मशीन तुझं नाव काढेल. माझा संबंध नाही.’ पुढे तर ते इतके कडक झाले की यादी प्रिंटरमधून आली की न वाचता दुमडायचे, पाकिटात घालायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. आणि मग आठवडाभर टपालाची वाट बघायचे.

त्यांच्या या नियमामुळेच मला ते जमलं. नाव काढलं तो शनिवार आठवतो. तोवर मला सतरा वेळा दाखवून झालं होतं. वर्तकनगरला मुलाच्या मावशीकडे मला चष्मा काढून वर्तमानपत्रातलं बारीक टायपातलं वाचायला लावलं होतं. मी वाचलं, कारण जवळचं मला दिसतं, मग त्यांनी समोरच्या बिल्डिंगवरची पाटी वाचायला सांगितली. त्या शनिवारी कल्याणला गेले होते. मुलगा एक शब्द बोलला नाही, त्याच्या भावाने सगळं विचारलं. निघताना ‘आम्ही कळवतो’ झालं. घरी आले, बाबा झोपले होते. नवीन फॉर्म आले होते म्हणून मशीन चालू केलं. फॉर्म घालायच्या ऐवजी मी माझा नंबर पडद्यावर आणला. एक्केचाळीस. जन्मवर्ष, पाच फूट एक इंच, गव्हाळ, चष्मा आहे. आणि काढून टाकायची आज्ञा दिली.

बाबांना एकटं टाकून कशी जाऊ वगैरे असलं काही माझ्या मनात नव्हतं. बाबा माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतात. मी कंटाळले होते, इतकंच. त्या दुपारी मला जी झोप लागली तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

आता त्या प्रोग्रॅमची एक गंमत होती. नाव काढलं तरी ते खरोखर पुसलं जात नसे. नावाच्या आधी एक चांदणी पडे, आणि चांदणी पडलेलं नाव यादीत येत नसे. कायमचं काढायचं तर वेगळी आज्ञा द्यावी लागे. ती मी कधी दिलीच नाही. जुनं काही टाकून द्यायला आमच्या घरात कोणाचा हात धजत नाही, श्रीखंडाचे रिकामे डबेसुद्धा माळ्यावर रांगेने असतात. त्यामुळे ज्यांची लग्नं झाली ते, जे वारले ते, अमेरिकेला गेले ते, आणि मी, असे आम्ही सगळे चांदण्या लावून आत झोपलेलो होतो.

तीन वर्षं निभावलं. मग मंडळाने ठरवलं की डिसेंबरात ठाण्याच्या एका हॉलमध्ये मेळावा घ्यायचा आणि पहिल्यांदाच सगळ्या स्थळांची छापील पुस्तिका काढायची. बाबा रविवारची यादी वाचत नसत, पण पुस्तिकेची प्रुफं ते वाचणारच होते, तीही तीन-तीनदा. माझा नंबर त्यांना पाठ होता, त्यात चाळीस नंतर बेचाळीस आलेला त्यांना एका मिनिटात दिसला असता. म्हणजे एक तर त्यांना सांगायचं, नाहीतर छपाईच्या आधी स्वतःला गुपचूप परत आत घालायचं आणि पुन्हा पोहे करायला उभं राहायचं. दोन्ही मी उद्यावर ढकलत होते.

अशात ऑक्टोबरातल्या एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. त्यानंतर मशीन चालू केलं तर पंखा फिरला, पडद्यावर एक ओळ उमटली आणि आतून कोणीतरी कुंथल्यासारखा आवाज आला. मग गप्प. चार-पाचदा करून बघितलं. तोच आवाज, तीच ओळ.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. बरं झालं, असं वाटलं. यादी नाही तर पुस्तिका नाही, पुस्तिका नाही तर प्रश्नच नाही. मग मी वळून बघितलं. बाबा स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. ‘अगं, लोकांनी विश्वासाने दिलंय हे,’ ते म्हणाले. ‘घरातल्या गोष्टी लिहून दिल्यात.’ मला माझी लाज वाटली. तरी आतून ते बरं वाटणं पूर्ण गेलं नाही.

‘कार्डं आहेत ना आपली?’ मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर आठवलं. कार्डांची मागची बाजू कोरी होती. सगळं मशीनमध्ये गेल्यावर ती कार्डं आम्ही वाण्याच्या यादीला वापरली होती. दोन वर्षं वापरून संपवली होती. पुढच्या बाजूला एखादी बी.कॉम., गोरी, देवगण, आणि मागे तूरडाळ एक किलो.

मग फ्लॉप्या. दर महिन्याला मी एका फ्लॉपीवर सगळी यादी उतरवून बाबांच्या ताब्यात द्यायचे. त्या त्यांनी कपाटात, फाइलला, तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. काढून बघितल्या आणि डोक्याला हात लावला. प्रत्येक फ्लॉपीवर मंडळाचा गोल शिक्का ठोकलेला होता, आणि खाली बॉलपेनने दाबून सही आणि तारीख. त्या जुन्या, मोठ्या, मऊ फ्लॉप्या. त्यांच्यावर पेन टेकवायचं नसतं, आतलं सगळं जातं, आणि इथे शिक्का ठोकलेला.

‘बाबा, हे कशाला?’

‘शिक्क्याशिवाय कागद फाइलला कसा लावणार?’ त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं. मी त्यांना ओरडणार होते. पण मी कुठल्या तोंडाने ओरडणार होते!

स्टेशनजवळच्या दुकानात मशीन नेलं. तिथल्या माणसाने झाकणसुद्धा नीट उघडलं नाही. ‘काय नाय ताई, फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल.’

‘आणि आतलं?’

‘आतलं जाणार ना.’

मी मशीन उचलून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विषय काढला तेव्हा एका मैत्रिणीने कोपरीतल्या एका माणसाचं नाव सांगितलं. तो आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटरही करतो, आणि मुख्य म्हणजे ऐकून घेतो. अर्धी रजा टाकून दुपारच्या रिकाम्या गाडीने मी ते धूड जुन्या चादरीत बांधून मांडीवर घेऊन निघाले. समोरच्या बाईंनी विचारलं, ‘मिक्सर बिघडला का?’ मी हो म्हटलं. खरं काय आहे ते सांगायला लागले असते तर त्यांनी आपल्या भाचीची पत्रिका काढली असती.

कोपरीतलं दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना पोट उघडलेले टीव्ही. माणूस पन्नाशीचा, डोळ्यावर दोन चष्मे, एक कपाळावर ढकललेला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, माल पाहिजे का डबा पाहिजे?’

‘माल.’

‘मग डब्याचं टेन्शन सोडा.’ त्याने झाकण उघडून आतली डिस्क काढली, विटेएवढी, आणि कानाला लावून हळूच हलवली. ‘आतमध्ये तबकडी असते ना, तिच्यावर सुई चिकटून बसलेय. लाइटीचा झटका बसला असेल. सुटली तर सुटली. एकदा फिरली पाहिजे बस, तेवढ्यात मी काढून घेतो.’

‘कशी सुटेल?’

‘ऊन दाखवूया आधी.’

मला वाटलं चेष्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठाण्याच्या माझ्या ऑफिसातून स्टेशनचा पूल ओलांडून कोपरीत गेले तर दुकानामागच्या चाळीच्या गच्चीवर खरोखर आमची डिस्क उन्हात होती. शेजारणीने जवळा वाळत घातला होता, त्याच्या कडेला एका रुमालावर ही. कावळे हाकायला बसलेल्या म्हातारीला तो सांगून ठेवत होता, ‘मावशी, हिच्याकडे पण बघा हां, लोकांची लग्नं आहेत आतमध्ये.’ म्हातारी म्हणाली, ‘मग हलद लाव ना तिला.’ मीसुद्धा हसले. त्या आठवड्यात तेवढीच एकदा.

पुढचे चार दिवस रोज जेवणाचा डबा घाईने संपवून पूल चढायचा, उतरायचा, आणि ‘उद्या बघूया मॅडम’ ऐकून परत यायचं. तो डिस्क गरम करायचा, हातात घट्ट धरून मनगटाला एकदम झटका द्यायचा, मशीनला जोडायचा, ऐकायचा, मान हलवायचा. माझे पाय दुखायला लागले होते. घरी आले की बाबा दारातच विचारायचे, ‘फिरली का?’ मी नाही म्हटलं की आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवायचे. माझा त्या यादीवर, मेळाव्यावर, डिसेंबर महिन्यावर, सगळ्यावर राग होता. बाबांवर नव्हता. तो असता तर सगळं सोपं झालं असतं.

पाचव्या दिवशी ऑफिसात काम होतं, म्हणून दुपारी त्याच्या शेजारच्या दुकानात नुसता फोन केला. तो नंबर मी घरीही लिहून ठेवला होता.

‘झालं की मॅडम!’ तो ओरडलाच. ‘सकाळीच फिरली. बाबा येऊन घेऊन पण गेले.’

‘बाबा?’

‘त्यांचा फोन आलेला शेजारच्या दुकानात. म्हणाले लगेच येतो. मी त्यांना प्रिंटच काढून दिली सगळी, एवढा गठ्ठा. आणि ऐका, एकदम साफ करून दिलंय. नावांच्या आधी मध्येच स्टार स्टार आलेले, कचरा, ते सगळे हाताने काढले मी. दोन तास बसलेलो.’

‘ते स्टार परत आणता येतील?’

‘कशाला पाहिजेत? नाय येणार आता. एकदाच फिरली ती. डिस्क खल्लास झाली, मॅडम.’

त्या भल्या माणसाचे आभार मानून मी फोन ठेवला. आधी मला धडकीच भरली. मग घरी जाताना हळूहळू उजेड पडला. चांदण्या गेल्या म्हणजे काढलेली सगळी माणसं यादीत परत आली. म्हणजे मीही आले. चाळीसच्या नंतर एक्केचाळीस असणार होता, तीन वर्षांपूर्वी होता तसाच. बाबांना काहीच कळणार नव्हतं. मी गप्प बसले की झालं. मी सुटले होते, आणि परत पहिल्यासारखी अडकले होते. त्या सुटण्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

घरी आले तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. घड्या-घड्यांचा तो लांबच लांब कागद टेबलावरून खाली जमिनीपर्यंत गेला होता. पहिल्या दोन पानांवरच ते थांबले होते.

‘अगं, काहीतरी घोटाळा झालाय,’ ते म्हणाले. ‘यात गेलेली माणसंसुद्धा आहेत. हा बघ, ठाकुर्लीचा मुलगा. मी स्वतः पोचवायला गेलो होतो त्याला.’ त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे त्याच्या अपेक्षाही आल्या होत्या. समजूतदार असावी, शिक्षणाची अट नाही.

मी त्यांना चांदण्यांचं सांगितलं. म्हणजे कोणाच्या नावाआधी होत्या ते सोडून बाकी सगळं.

‘म्हणजे आपण आजवर काढली ती सगळी परत आली?’

‘हो.’

‘आणि कोण काढलेली, कोण नाही, ते कळायला मार्ग नाही?’

‘नाही.’

त्यांनी थोडा विचार केला. कचेरीतल्या माणसाला कामाचा ढीग बघून उगाच उत्साह येतो. ‘बस,’ ते म्हणाले. ‘चहा घे आणि वाच. मला ती फिकट शाई दिसत नाही. मी सांगतो तशी खूण कर. ज्यांचं मला आठवणार नाही त्यांना पोस्टकार्ड टाकू.’

मी पेन्सिल घेऊन बसले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. त्यांची स्मरणशक्ती बघून मी थक्क झाले. नाव अर्धं वाचलं की ते म्हणायचे, ‘झालं, पुण्याला दिली.’ ‘ठेव.’ ‘ठेव, पण उंची चुकीची सांगितली होती तिच्या काकांनी.’ ‘झालं, मुलगी झाली परवा.’ ‘हा गेला बिचारा.’ झालं म्हणताना ते दर वेळी थोडे खूश व्हायचे. आपणच सगळी जमवली असावीत असे. मी रेघ मारायचे, पुढे जायचे. चोवीस, पंचवीस. तीस. अडतीस ठेव, एकोणचाळीस झालं, चाळीस ठेव.

मी बेचाळीस वाचायला घेतलं.

‘एक्केचाळीस,’ बाबा म्हणाले. मान खालीच होती.

मी वाचलं. बाकीच्यांचं वाचलं तसंच, पूर्ण नावानिशी. जन्मवर्ष, शिक्षण, पाच फूट एक इंच, गव्हाळ, चष्मा आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नियमाने ते बघणारही नव्हते.

‘ठेव,’ ते घाईघाईने म्हणाले. ‘पुढे.’

पुढे जाणं माझ्या हातात होतं. तोंड मिटून बेचाळीसवर गेले असते तर ते प्रकरण तिथेच संपलं असतं. पण ती ‘ठेव’ची खूण मी केली नाही. डिसेंबरातला तो हॉल दिसला, पुस्तिका हातात घेऊन फिरणाऱ्या आया दिसल्या, समोरच्या बिल्डिंगवरची पाटी दिसली.

‘हे काढायचंय, बाबा.’

‘लग्न झाल्याशिवाय काढत नाही आपण.’

‘मी काढलं होतं. तीन वर्षांपूर्वी. याच्या आधी चांदणी होती.’

बाबांनी मान वर केली.

‘म्हणजे रविवारी आपण याद्या द्यायचो, त्यात तू नव्हतीस?’

‘नव्हते.’

‘एकाही?’

‘एकाही नाही.’

आता ते ओरडतील, असं मला वाटलं. ओरडावं असंच वाटत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत गेला. ते चक्क हसण्याच्या बेताला आले.

‘म्हणजे त्यांनी तुला नाही म्हटलंच नाही!’

‘कोणी?’

‘सगळ्यांनीच गं. ते पश्चिमेचे बँकवाले. मुलुंडचे ते दोघे भाऊ. मला वाटायचं, यादीत हिचं नाव वाचतात, घरी नेतात, आणि एकालाही ही पसंत पडत नाही? एकालाही? त्या बँकवाल्यांच्या मुलाच्या लग्नाला मी गेलो नाही. पाय दुखतो म्हणून सांगितलं. रस्त्यात दिसले तर मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.’ ते थांबले. ‘त्यांना तर काही माहीतच नव्हतं.’

‘नव्हतं.’

‘उद्या जाऊन येतो त्यांच्याकडे,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘पण जाऊन सांगू काय?’

मला एवढंच कळत होतं की सतरा घरांनी मला नाकारलं ते माझ्यापुरतं त्या शनिवारीच संपलं होतं. आणि त्यानंतर तीन वर्षं, ज्यांनी मला बघितलंही नव्हतं अशा कितीतरी घरांकडून, दर रविवारी, बाबा माझ्यासाठी नकार घेत होते. एकट्याने. मला एका शब्दाने न सांगता. मला रडू यायला लागलं. मी ते कागदाकडे बघून आवरलं.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग शांतपणे विचारलं, ‘मी टपालाची वाट बघायचो. दर बुधवार-गुरुवार खाली जाऊन पेटी उघडून बघायचो. ते दिसायचं तुला?’

‘दिसायचं.’

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, कागद डोळ्यांजवळ धरून ती फिकट ओळ शोधली आणि एक्केचाळीसवर स्वतः रेघ मारली. मग पेन्सिल मला परत दिली.

‘बेचाळीस,’ ते म्हणाले.

मी वाचायला लागले.